तरवडाची पहिली माळ

आमच्या समोरच्या घराच्या अंगणात प्लास्टिकचं गवत आहे. थट्टा नाही करत. हिरव्या चटईचा गुंडाळा आणला, कात्रीनं कापला, फरशीला चिकटवला, झाली बाग. परभणीच्या मे महिन्यात ते गवत दुपारी असं तापतं की टायर जळाल्याचा वास सगळ्या गल्लीत पसरतो. घराचा मालक गुत्तेदार आहे, रस्त्या-नाल्यांची कामं घेतो, वयानं माझ्या पोरासारखा. संध्याकाळी तो बोअरच्या पाण्यानं ते गवत धुतो, कारण त्यावर धूळ बसते. गल्लीत टँकर येतो त्या दिवसांतही धुतो. मी गेटात उभा राहून बघतो आणि मला शिसारी येते. हसू यायचं ते पहिल्या आठवड्यातच येऊन गेलं.

पण बोलायला मला तोंड नाही. आमच्या घरात प्लास्टिक त्याच्याही आधी आलं होतं, आणि ते मी आणलं होतं. तेही थेट देवघरात.

मी कृषी खात्यात सहायक होतो. उभी नोकरी जिंतूर आणि गंगाखेड तालुक्यांत मोटारसायकलवर गेली. शेतकऱ्यानं विचारायचं, मी सांगायचं. कापसावर काय मारू, तुरीवर काय मारू, बांधावरचं झुडूप कशानं जाईल. औषधाचं नाव, पंपाला किती, सकाळी मारायचं का संध्याकाळी, सगळं जिभेवर तयार असायचं. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उत्तर देऊन मोकळा. लोक म्हणायचे, साहेबांना सगळं तोंडपाठ आहे. त्या कौतुकाची मला चटक लागली. निवृत्त झालो तरी ती सुटली नाही.

माझी बायको जिंतूर तालुक्यातल्या बोरीकडची. माहेरी शेळ्या-मेंढ्या आणि थोडं कोरडवाहू रान. त्यांच्याकडं नवरात्रात घट बसले की पहिल्या दिवशी घटावर तरवडाचीच माळ चढते. पुढच्या दिवसांना झेंडू, शेवंती, तिळाची फुलं, मिळेल ते चालतं. पहिली मात्र तरवडाची. तरवड तुम्ही पाहिलेला असतो, फक्त नाव माहीत नसतं. माळरानावर, रेल्वेच्या कडेनं, कमरेएवढं नाहीतर डोक्याएवढं झुडूप, हळदीसारखी पिवळी फुलं, चपट्या तपकिरी शेंगा. पाऊस दगा देवो, तो फुलतोच. शेळी दिसेल तो पाला ओरबाडते, पण तरवडाला तोंड लावत नाही, म्हणून चरून बोडक्या झालेल्या माळावर तो एकटा उभा राहतो. माझे सासरे म्हणायचे, "शेळीनं सोडलं ते देवीचं." उन्हाच्या तडाख्यात फेट्याखाली ते त्याचाच पाला ठेवायचे. मी मात्र तरवडाकडं खात्याच्या नजरेनं बघायचो. पडीक जमिनीवरचं निकामी झुडूप, बांधावर दिसलं की काढून टाका, असं मी किती गावांत सांगितलं असेल त्याची गणती नाही.

आम्ही परभणीत प्लॉट घेतला तेव्हा घरामागं सगळा माळच होता. घटस्थापनेच्या सकाळी बायको ताट घेऊन बाहेर पडायची आणि चहा उकळेपर्यंत पिवळं ताट घेऊन परत यायची. "माळावर जाऊन माळ आणली," असं दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी स्वतःच हसायची. मग माळाचे प्लॉट पडले. जेसीबी आला, चुन्याच्या फक्कीच्या रेघा आल्या, रंगीत झेंड्या आल्या. नव्या कॉलन्यांना गुलमोहराचं, पारिजातकाचं, कुठल्या कुठल्या झाडाचं नाव मिळालं. तरवडाचं नाव कुणी दिलं नाही. दोन वर्षांत घरामागं औषधालासुद्धा तरवड उरला नाही.

त्या वर्षी तिनं मला चार दिवस आधी सांगून ठेवलं होतं, "जिंतूर रोडनं जाऊन तेवढी फुलं आना. लय न्हाई लागत, ओंजळभर पुरे." मी हो म्हटलं. आज जाऊ, उद्या जाऊ करत अमावास्येची संध्याकाळ झाली. मग मी स्टेशन रोडला गेलो आणि प्लास्टिकची एक पिवळी माळ घेऊन आलो. वर मलाच बोलायची हौस. "पिवळीच पाहिजे होती ना? ही बघ, दर वर्षी धुऊन वापर."

ते वाक्य आठवलं की आजही मला स्वतःचा वीट येतो.

तिनं सकाळी माळ घटावर बांधली. दुसऱ्या दिवशी झेंडूची, तिसऱ्या दिवशी शेवंतीची, अशा एकावर एक माळा चढत गेल्या. खालच्या माळा सुकतात, काळवंडतात, तसंच व्हायचं असतं. त्या सुकल्या फुलांमधून ही एक माळ नऊ दिवस तेल लावल्यासारखी चमकत होती. घट उठले त्या दिवशी बायकोनं ती हातात धरली. "हिला वास बी न्हाई अन् मरन बी न्हाई," ती म्हणाली. "देवीला हे घातलं म्हणून मला सोताचीच घान वाटायलीय."

बाकीचं निर्माल्य तिनं विहिरीत सोडायला दिलं, ही माळ कचऱ्यात टाकली. कुत्र्यांनी ती गल्लीच्या नालीत ओढून नेली. नालीतल्या काळ्या गाळात, गुटख्याच्या पुड्यांच्या शेजारी ती पिवळी फुलं संक्रांतीपर्यंत तशीच ताजी होती. रोज दुधाला जाताना मला दिसायची. शेवटी मीच एक दिवस काठीनं काढून टाकली, आणि त्याच दिवशी बायकोला शब्द दिला की पुढं तुझी पहिली माळ आपल्या दारातल्या तरवडाची असेल.

शब्द देणं सोपं. माझा तोरा असा की तीस वर्षं शेती शिकवलेल्या माणसाला माळावरचं झुडूप लावणं म्हणजे हातचा मळ. जिंतूर रोडच्या गायरानातून चांगलं गुडघाभर रोप खणून आणलं, कुंडीत लावलं. चौथ्या दिवशी मान टाकली. दुसरं आणलं, तेही गेलं. तरवडाचं सोटमूळ खोल जातं, खणताना तुटतं, आणि तुटलं की संपलं. हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि तरी मी दोनदा खणलं. मग रोपवाटिकेत गेलो. तिथला माणूस माझ्याकडं बघतच राहिला.

"साहेब, तरवड? उकिरड्यावरचं झाड इकत कोन घेतंय? ते घ्या की, लाल पानाचं. बाहेरून आलंय, लय चालायलंय."

लाल पानाच्या त्या झाडाला दिवसाआड पाणी लागतं हेही त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. पाणी पिणारं ते घरंदाज, आणि बिनपाण्याचं ते उकिरड्यावरचं. मी तसाच मागं फिरलो.

मग शेंगा आणून त्याच कुंडीत बी पेरलं. महिना गेला, एक कोंब नाही. मी मातीला नावं ठेवली, बियाला नावं ठेवली. बायको उंबऱ्यात बसून बघत होती. उठली, उरलेलं बी घेतलं आणि जिथं ती विळा घासते त्या मागच्या दारच्या खरबरीत दगडावर एकेक दाणा घासायला लागली.

"टणक बी हाय ते. अंग खरचटल्याबिगर पानी आत कसं जाईल?" ती म्हणाली. "तुमीच तर गावोगाव बीजप्रक्रिया शिकवायचात."

शिकवायचो. फलक लावून, फोटो काढून शिकवायचो.

रात्रभर कोमट पाण्यात ठेवून तिनं ते बी पेरायला घेतलं, कुंडीत नाही, जमिनीत. पण कुठं? आमच्या अंगणात मीच भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी टाकून ठेवली होती, चिखल नको म्हणून. मग कंपाउंडच्या बाहेर, भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये दोन हात मुरमाची पट्टी आहे, तिथं पेरलं. तीन कोंब आले. मला इतका आनंद झाला की मी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, वर चिमूट चिमूट युरिया. दोन रोपं बुडाशी सडून आडवी झाली. तिसऱ्याकडं तांब्या घेऊन निघालो तर बायको आडवी आली.

"त्याला इसरा," ती म्हणाली. "तुमी इसरलात तरच ते जगंल."

मी विसरलो. म्हणजे विसरल्यासारखं केलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली बोअरं आटली, गुलाब वाळले, लाल पानाची झाडं काळी पडली. मुरमातला तरवड मात्र वीतभर वाढला. दुसऱ्या पावसाळ्यात तो माझ्या छातीला लागला आणि श्रावण संपता संपता पहिला घोस उमलला. काळे भुंगे यायला लागले. सकाळी त्यांच्या गुंजारवानं गेटापाशी आपण कुठंतरी रानात उभं आहोत असं वाटायचं. इतकं सुख मला कुठल्याच झाडानं दिलं नव्हतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण मी ते लपवलं. कॉलनीची बैठक होती, स्वच्छतेबद्दल. सगळे शिकले-सवरलेले लोक. बोलता बोलता एकानं विचारलं, "काका, तुमच्या भिंतीबाहेर ते रानटी काय वाढलंय? शोभा जायलीय ना गल्लीची." दोन-चार जण हसले, समोरचा गुत्तेदारही. त्या क्षणी मला म्हणता आलं असतं की ते मी लावलंय, बायकोच्या घटासाठी लावलंय. खात्यातल्या माणसानं उकिरड्यावरचं झाड लावलं असं म्हणतील, या लाजेनं माझी जीभ भलतीकडंच वळली.

"आपोआप आलंय," मी म्हणालो.

बायको बायकांच्या घोळक्यात मागं बसली होती. घरी आल्यावर चपला काढताना म्हणाली, "उद्या पोटच्या पोराला बी आपोआप आलंय म्हनाल."

तरीही त्या नवरात्रात तिनं पहिली माळ आपल्या दारातल्या तरवडाची घातली. तोंडभर हसली. आणि गंमत बघा, सकाळी नऊच्या आत समोरच्या गुत्तेदाराची बायको ताट घेऊन दारात. तीही जिंतूर तालुक्यातलीच, तिच्याकडंही पहिली माळ तरवडाची. "काकू, थोडी फुलं देता का? आमी लय शोधलो, कुटंच न्हाईत." आमच्या हिचा नियम असा की घटाच्या फुलाला नाही म्हणायचं नाही. तिनं ताट भरून दिलं. वर्षभर ज्याला रानटी म्हणायचं, त्याच्यापुढं एक दिवस ताट घेऊन उभं राहायचं! माझं डोकं फिरलं होतं. बायको म्हणाली, "देवीला चाललीत फुलं, तिला न्हाई."

गुत्तेदाराला आपल्या घटावर कसली फुलं आहेत याचा पत्ता असायचं कारण नव्हतं. तो मोबाइलमध्ये.

आता यंदाचं सांगतो. पितृपंधरवडा नुकताच लागला होता. मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेत होतो. गुत्तेदार गाडी थांबवून आला, शेजारी बसला, माझ्याही चहाचे पैसे त्यानंच दिले. मग म्हणाला, "काका, तुमाला सगळं माहीत. रोडच्या कडेचं झुडूप हाय एक. दोनदा छाटलं तरी परत फुटायलंय. गाडीला घासायलंय, नवीन गाडी हाय. कशानं जाईल ते?"

आजूबाजूला चार-पाच माणसं होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले. चारचौघांत कुणी विचारलं की माझ्या पाठीचा कणा आपोआप ताठ होतो.

"नुसतं छाटून काय होणार?" मी म्हणालो. "अन् फवारू नका, फवारलं की शेजारच्या झाडांना लागतं. बुडात कापा, आणि कापल्या कापल्या ताज्या जखमेवर ब्रशनं औषध लावा." औषधाचं नाव सांगितलं. पाण्यात किती मिसळायचं ते सांगितलं. "मुळापर्यंत उतरतं. पुन्हा नाव घेणार नाही."

"बघा, काकांना सगळं पाठ," तो त्या माणसांना म्हणाला. मी चहाचा शेवटचा घोट मोठ्या समाधानानं घेतला.

कुठलं झुडूप, हे मी विचारलं नाही. आमच्या तरवडाची छाटणी कधी झाली होती? एकदा फांद्या तुटलेल्या दिसल्या होत्या, मी समजलो गुरांनी मोडल्या. आणि हे मी समजलो, ज्याला पक्कं माहीत आहे की तरवडाला गुरं तोंड लावत नाहीत!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गंगाखेडला लेकीकडं गेलो. चार दिवसांनी बसनं परत आलो, स्टँडवरून ऑटो केला. ऑटो गल्लीत वळला आणि बायकोनं माझा हात घट्ट धरला. भिंतीबाहेर काही नव्हतं. जमिनीलगत मनगटाएवढा खुंट, वरून करवतीनं सपाट कापलेला, आणि त्या कापावर निळसर, चिकट औषध वाळलेलं. काम अगदी नीट केलं होतं. मी सांगितलं होतं तस्सं. कापलेल्या फांद्या नालीत ढकलल्या होत्या, कळ्यांनी भरलेल्या. पूर्वी प्लास्टिकची माळ अडकली होती, बरोबर त्याच जागी.

मी पिशवीसकट समोरच्या गेटात गेलो. गुत्तेदार गवत धूत होता. मी काय काय बोललो ते आठवत नाही, आवाज मात्र सगळ्या गल्लीनं ऐकला. त्यानं पाइप बंद केला. तो खरंच गोंधळला होता, हे मला आज मान्य करावं लागतं.

"काका, कामून चिडायलात? आपोआप आलंय म्हनून तुमीच बैठकीत सांगितलं," तो म्हणाला. "अन् औषध बी तुमीच सांगितलं. मला वाटलं, तुमाला बी तकलीफच हाय त्याची."

 मी मागं वळलो तर बायको आमच्या गेटात उभी होती. औषधाचं तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

तिनं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. चार दिवस मी खुंटाची साल नखानं खरवडून बघत होतो, हिरवी आहे का म्हणून. पाणी ओतून बघितलं. मुळापर्यंत उतरतं, हे मीच म्हटलेलं वाक्य होतं, आणि उतरलं होतं. उभ्या नोकरीत माझा एवढा अचूक सल्ला दुसरा नसेल. त्या अचूकपणाची मला ओकारी येत होती. म्हटलं, निदान फुलं तरी आणू. अमावास्येला जिंतूर रोडनं मोटारसायकल काढली, गायरानापर्यंत गेलो. तिथं कुंपण झालं होतं, आत फक्कीच्या रेघा. रिकाम्या हातानं परत आलो.

घटस्थापनेच्या सकाळी तिनं घट मांडला, माती घातली, धान्य पेरलं. मग सुईत पांढरा दोरा ओवला, टोकाला गाठ मारली, आणि तो रिकामा दोरा घटावर बांधला. पहिल्या माळेच्या जागी. मी दारात झेंडूची पुडी घेऊन उभा होतो.

"ही घाल ना," मी म्हणालो.

"ती उद्याची," ती म्हणाली.

नऊच्या सुमाराला फाटक वाजलं. गुत्तेदाराची बायको, हातात ताट. नवऱ्यानं काय कापलं हे तिला कुणी सांगितलं होतं का नव्हतं, देव जाणे. खुंटाकडं न बघता ती सरळ फाटकातून आत आली होती आणि हसत होती. "काकू, फुलं? गेल्या साली लय छान माळ झाली होती."

घटाच्या फुलाला नाही म्हणायचं नाही. बायकोनं नाही म्हटलं नाही. पदराला हात पुसत ती एवढंच म्हणाली, "काकांना इचार. त्यांना सगळं माहीत हाय."

ती पोरगी ताट घेऊन माझ्याकडं वळली. "काका, तरवड कुटं मिळंल हो?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला झाड कुठं मिळेल ते विचारत होतं, कशानं मरेल ते नाही. आणि माझ्या जिभेवर काय आलं असेल? औषधाचं नाव. पंपाला किती, तेसुद्धा. मी दात आवळून ते गिळलं आणि नुसता उभा राहिलो. तिला वाटलं, काकांना ऐकू आलं नाही. ती जवळ आली आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत तिनं तेच पुन्हा विचारलं.

आतून दगडावर काहीतरी घासल्याचा आवाज यायला लागला होता. मागच्या वर्षीच्या शेंगा बायकोनं डब्यात ठेवल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. मी आत गेलो, तिच्याजवळ बसलो आणि एक दाणा उचलायला हात पुढं केला.

"तुमी हात लावू नका," ती म्हणाली.